सुभद्रा छाप चाक

सरकारचा कुठलाही नवा कायदा आला की हिंदुराव मिशीवरून हात फिरवत म्हणत, "येऊ द्या. आपण तयार हाय." चिंचवड स्टेशनाजवळ त्यांचा पत्र्याचा कारखाना होता. एक विलायती लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, आणि तीन कामगार, एवढाच पसारा. पिंपरीत नवे कारखाने उभे राहत होते, त्यांना लागणारे बोल्ट हिंदुराव करून देत. १९५७ साली परदेशी मालावरचे नियम सरकारने आवळले, तेव्हा आजूबाजूचे छोटे कारखानदार कपाळाला हात लावून बसले आणि हिंदुरावांचा हात मात्र मिशीवर गेला!

खरं तर घाबरायला हिंदुरावांकडेही कारण होतं. त्यांच्या लेथच्या एका दातेरी चाकाचे दोन दाते उडाले होते. लेथ अजून चालत होता, पण म्हातारा जिना चढतो तसा. नवं चाक विलायतेहूनच यायचं आणि त्याला परवाना हवा. परवाना नाही तर चाक नाही, चाक नाही तर बोल्ट नाहीत आणि बोल्ट वेळेवर गेले नाहीत तर पिंपरीचं काम दुसऱ्याच्या घशात. तीन कामगारांची चूल त्या चाकावर होती, हिंदुरावांची चौथी.

नियमाचा कागद घेऊन ते पेन्शनीत निघालेल्या दत्तोबा कारकुनांकडे गेले. दत्तोबांनी तो दोनदा वाचला.

"दोन गोष्टी आहेत, हिंदुराव. एक, कारखाना खराखुरा चालू पाहिजे. मुंबईहून साहेब येऊन डोळ्यांनी बघणार. दोन, मागितलेली वस्तू आपल्या देशात बनत नसली पाहिजे."

"दुसरीची काळजीच नगं," हिंदुराव हसले. "असलं चाक इथं कोण बापजन्मात बनवणार?"

मग पहिल्या गोष्टीसाठी त्यांनी कंबर कसली. पत्र्यांना रंग दिला. नवी पाटी लावली. कामगारांना खाकी कपडे शिवले. रोज दुपारी स्वतः साहेब होऊन ते खुर्चीत बसत आणि भैरू नावाच्या कामगाराची परीक्षा घेत. "हे यंत्र काय करतं?" असं विचारलं की भैरू ताठ उभा राहून म्हणे, "देशसेवा, साहेब." साहेब सोमवारी येणार असं पत्र आलं, तेव्हा सगळी तयारी चोख होती.

शनिवारी दुपारी चाकाने राम म्हटला.

उरलेल्या दात्यांतले सहा एकदम उडाले, त्यातला एक भैरूच्या टोपीत सापडला. लेथ बंद म्हणजे कारखाना बंद आणि बंद कारखान्याला परवाना नाही. नवं चाक मिळवायला जुनं चाक फिरायला हवं होतं!  हिंदुरावांनी सायकल काढली आणि थेट दापोडी गाठली. तिथले चांदभाई मिस्त्री म्हणजे हातात कानस घेऊनच जन्मलेला माणूस.

चांदभाईंनी मोडकं चाक बोटांनी चाचपलं. "बनेल की. सोमवारपुरतं नक्की. पण दोन बोटं जाड पितळ लागेल, अखंड. लोखंड घासत बसलो तर तुमचा साहेब पेन्शनीत जाईल."

"पितळ पुण्याला मिळंल."

"उद्या इतवार आहे, हिंदुरावभाऊ. दुकानं बंद."

दोन बोटं जाड अखंड पितळ चिंचवडात एकाच ठिकाणी होतं, हे हिंदुरावांना पक्कं ठाऊक होतं. ते होतं त्यांच्या स्वयंपाकघरात. सुभद्राबाईंचा खल! सोळा वर्षांपूर्वी लग्नात तिच्या मामांनी दिलेला, एकट्या बाईला न उचलणारा. घासून घासून पुसलं जाऊ नये म्हणून मामांनी नाव तळाला कोरून घेतलं होतं. भाचीचं नाव, स्वतःचं नाव, गाव, तिथी, सगळं.

रविवारी सकाळी हिंदुराव पोत्यात काहीतरी घालून दारातून तिरके निघाले.

"काय नेताय?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"खल. कल्हईला."

"खलाला कसली कल्हई?"

"आतनं न्हाई, भायेरनं. नवीन निघालीय."

"आन बत्ता?"

"बत्त्याला लागत न्हाई," हिंदुराव म्हणाले आणि पावलं उचलली.

चांदभाईंनी खलाचा तळ करवतीने कापला आणि दिवस मावळेपर्यंत कानशीने दाते काढले. मामांचं नाव दात्यांत गेलं, गाव आणि तिथी मधल्या भोकात गेली. उरलं एकच ठळक 'सुभद्रा'.

"हे घासून टाकू?" चांदभाईंनी विचारलं.

खल मोडला तेवढं पाप पुरे होतं. "नगं," हिंदुराव हळूच म्हणाले. "नाव आतल्या अंगाला करा." पण चाक एकाच अंगाने बसत होतं आणि तेव्हा नाव नेमकं बाहेर येत होतं.

सोमवारी चांदभाईंनी स्वतः येऊन चाक बसवलं आणि मग साहेब आले. लेथ असा फिरला की हिंदुरावांनाच भरून आलं. साहेबांनी पाटी पाहिली, भैरूची देशसेवा ऐकली, मान डोलावली. मग चष्मा लावून चाकापाशी वाकले आणि पट्टा थांबवायला सांगितला.

"हे चाक विलायती?"

"व्हय, साहेब," हिंदुरावांच्या तोंडून पाठ केलेलं उत्तर गेलं.

"विलायतेत सुभद्रा?"

 बायकोचा खल आहे म्हणावं, तर शनिवारपासून लेथ बंद होता हेही सांगावं लागणार.

"न्हाई... ते... इथलंच हाय, साहेब."

"म्हणजे सुभद्रा ही चिंचवडची कंपनी! जुनी आहे?"

"सोळा वर्सं झाली."

"कारभार कोण बघतं?"

"समदा तिचाच कारभार, साहेब. दुसऱ्याचं काय चालत न्हाई."

"माल टिकतो?"

"सोळा वर्सांत तडा न्हाई." हे सांगताना हिंदुरावांनी चाकावरची नजर काढून घेतली, कारण ते खरं होतं.

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी उभ्याउभ्याच शेरा लिहिला, हिंदुरावांची पाठ थोपटली आणि चहा पिऊन गेले. बोलावून आणलेल्या दत्तोबांनी शेरा वाचून दाखवला. कारखाना उत्तम चालू आहे. मागितलेले चाक चिंचवड येथेच, सुभद्रा कंपनीत बनते. सबब परवाना नामंजूर.

 एवढी तयारी करून हिंदुरावांनी स्वतःच्याच हाताने स्वतःचा परवाना बुडवला होता.

"पण भाऊ," चांदभाई शेवटी म्हणाले, "चाक तर फिरतंय."

फिरत होतं खरं. बोल्ट वेळेवर गेले, पुढच्या महिन्याचेही गेले. पिंपरीचं काम टिकलं. टिकली नाही ती फक्त कल्हईची थाप. सुभद्राबाई शेजारच्या अंबूबाईंकडे चटणी कुटायला जात आणि रोज संध्याकाळी विचारत, "कल्हई झाली का?" हिंदुराव रोज म्हणत, "वाळतीय."

मग एका दुपारी कारखान्याच्या दारात सुभद्राबाई उभ्या राहिल्या. एका हातात तीन पत्रं, दुसऱ्या हातात बत्ता.

पत्रं नगर, सातारा आणि सांगलीच्या कारखानदारांची होती, त्यांनाही असल्याच चाकाचा परवाना नाकारला होता. चाक चिंचवडच्या सुभद्रा कंपनीकडून घ्यावे, असं त्यांना कळवण्यात आलं होतं, म्हणून त्यांनी चाकं मागवली होती. चिंचवडात पोस्टमनला माहीत असलेली सुभद्रा एकच होती. चौथीपर्यंत शिकलेल्या सुभद्राबाईंनी तिन्ही पत्रं नीट वाचली होती.

त्या लेथपाशी गेल्या. चाकावरचं नाव त्यांनी बोटाने चाचपलं. मामांचं नाव कुठेच नव्हतं. हिंदुरावांनी मान खाली घातली. चाकाची देखभाल करायला आलेल्या चांदभाईंनी उगाचच कानस पुसायला घेतली.

"कारखाना बंद पडला असता," हिंदुराव पुटपुटले.

"मग सांगायचं व्हतं. म्या काय न्हाई म्हटलं असतं?"



सुभद्राबाईंनी तिन्ही पत्रं चांदभाईंच्या हातात दिली आणि बत्ता लेथवर ठेवला.

"चाकं करून द्या त्यास्नी. पण कंपनी माझी हाय, तवा पहिला माल माझ्या घरी यायचा," त्या म्हणाल्या. "आन त्याला दाते नकोत."