बारदान वजा जाता मनवेल मास्तर

बेसिन रोड स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मी नोकरीला होतो तेव्हा तिथल्या काट्यावर काय काय चढवलं ते विचारू नका. केळीचे लोंगर, पानांचे करंडे, सुक्या बोंबलांच्या गोणी, एकदा तर एक जिवंत बोकड, आणि तोही माझ्या शर्टाची बाही चघळत. पण काट्यावर उभं राहून माझ्याशीच हुज्जत घालणारा डाग, म्हणजे पार्सलाचा नग, सगळ्या कारकिर्दीत एकच. मनवेल मास्तर!

दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की मास्तर तांग्यातून उतरत. ते उतरले की तांगा वर उचलला जाई आणि घोडा मान वळवून मागे बघे. मग केळीवाल्यांच्या रांगेत, दोन टोपल्यांच्या मधे, मास्तर अदबीने उभे राहत. नंबर आला की काट्यावर चढत, डोळे मिटत आणि श्वास रोखून धरत. का, तर हवेलाही वजन असतं.

"पावणेतीन मण," मी दांडीवरचं वजन सरकवून म्हणे.

"बारदान वजा केलंत?"

"कसलं बारदान, मास्तर?"

"का? केळी तोलताना टोपलीचं वजन वजा करता ना? मग हा कोट, ही विजार, हे बूट, ही शिट्टी, हे काय मी आहे? हे सगळं माझं बारदान. ते वजा करा आणि माझा निव्वळ आकडा सांगा."

"मग उतरवून ठेवा."

"इथं? बायकामाणसं आहेत!"

रांगेतले केळीवाले खोळंबत, गाडी सिग्नलला येऊन शिट्ट्या मारत राही, आणि मी एका गृहस्थाच्या बुटांच्या वजनावर वाद घालत बसे. आमचा हमाल धर्मा याची करमणूक मोफत व्हायची. "बाबू, ह्यो डाग मालाच्या ब्रेकमधे टाका, मान्सांच्या डब्यात न्हाय मावायचा," असं तो मास्तरांच्या तोंडावर म्हणे. एकदा तर त्याने कमालच केली. काट्यावरून उतरणाऱ्या प्रत्येक डागावर खडूने वजन लिहायची त्याच्या हाताला सवय. गर्दीच्या घाईत त्याने मास्तरांच्या पाठीवर, काळ्या कोटावर, पांढऱ्या खडूने "२॥।" असं झोकात लिहून टाकलं. सोमवारी मास्तर तोच कोट घालून वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहिले. पोरांनी त्या दिवशी दोन फळे वाचले.

आता गंमत अशी की हे मास्तर शिकवायचे काय? आरोग्यशास्त्र आणि कवायत!

आहारातलं त्यांना ठाऊक नव्हतं असं काही नव्हतं. जगातल्या सगळ्या अन्नाची त्यांनी जातवारी लावली होती. भाकरी दिसली की ते भाकरी म्हणत नसत, "पिष्ट" म्हणत. तूप म्हणजे "स्निग्ध". माझ्या घरी चहाला आले तेव्हा बायकोने चकल्यांची बशी पुढे केली. मास्तर बशीकडे दुःखाने बघत म्हणाले, "वहिनी, हे पिष्ट स्निग्धात तळलेलं. शत्रूंनी आपसात सोयरीक केलीय." आणि एकही चकली न घेता उठले. बायको आठवडाभर माझ्याशी फणकाऱ्याने बोलत होती. तिचा चकलीवरचा हात तालुक्यात नावाजलेला होता.

व्यायामही करत. नुसता सांगत नसत, करत. पहाटे उठून समुद्रापर्यंत चालत जात आणि चालत येत. रोज अंगणात दोरीवरच्या उड्या मारत. शेजारच्या कोंबड्या त्या वेळी अंडी घालायच्या नाहीत, अशी त्या घरातल्या बाईची तक्रार होती. ईस्टरआधीच्या उपासकाळात तर मास्तर मांस, साखर, पाव सगळं सोडत. आणि इतकं सगळं करून शनिवारी काट्यावर चढले की पावणेतीन मण. काटा जणू गंजून तिथेच अडकला होता.

हसण्यावारी नेण्याजोगं हे प्रकरण राहिलं नव्हतं. मास्तरांना अंतर्गळ, म्हणजे हर्निया, होता. कमरेला पट्टा बांधून ते दिवस ढकलत होते. मुंबईच्या सर्जनने तपासून स्पष्ट सांगितलं होतं, "सव्वादोन मणावर या, मग मी सुरी हातात घेतो. या अंगावर भूल देऊन मला खून करायचा नाही. आणि उशीर करू नका. आतडं अडकलं तर मुंबई गाठायला वेळ मिळणार नाही." हे मला मास्तरांनीच सांगितलं, काट्यावर उभं राहून, सर्जनच्या आवाजाची नक्कल करत. सांगताना हसले. मी हसलो नाही.

तेव्हापासून त्यांचं वजन ही माझी खाजगी डोकेदुखी झाली. दर शनिवारी मी उलटतपासणी घ्यायचो.

"सकाळी काय खाल्लंत?"

"एक उकडलेलं अंडं. त्यातलंही पिवळं मांजराला."

"दुपारी?"

"काकडी, ताक, अर्धी भाकरी."

"आणि रात्री?"

इथे मास्तरांना हटकून गाडी आठवायची. "बाबू, तुमची गाडी आली बघा!" आणि समोर रूळ मोकळे पडलेले असायचे.

मला वाटलं, चोर सापडला! रात्रीचं जेवण! माझा पहिला संशय बेकरीवर, दुसरा गावातल्या लग्नघरांवर. पण दर रात्री लग्न कुठलं असायला? शेवटी एका रविवारी दुपारची ड्यूटी संपवून मी तांगा केला आणि थेट मास्तरांच्या गावी, निर्मळच्या अलीकडे, जाऊन थडकलो. मास्तरांच्या घराला कडी. शेजारची बाई, तीच कोंबड्यांवाली, म्हणाली, "मास्तर आत्ता कुठले घरी? रोजा मावशीकडे जेवायला बसले असतील. रोजचंच हाय ते."

रोजचंच! मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. केळीच्या वाडीतून वाकत वाकत मी गेलो, विहिरीच्या आडोशाला उभा राहिलो, आणि ओटीवर जे पाहिलं त्याने डोळ्यांचं पारणं फिटलं. मास्तर बसलेले. पुढ्यात ताट. ताटात भाताचा असा डोंगर की पलीकडचे मास्तर गळ्यापासून वरच दिसत होते. बाजूला बोंबलाचं कालवण, तांदळाच्या भाकऱ्यांची चवड, खोबरं घातलेली केळफुलाची भाजी. आणि समोर पाटावर एक वाळकी म्हातारी, हातात डाव घेऊन, पहारा द्यावा तशी बसलेली.

मी नाटकातल्या फौजदारासारखा पुढे झालो. "मास्तर! हे कुठल्या जातीचं पिष्ट?"

मास्तरांचा घास हातातच राहिला. डोळ्यांनी मला गप्प बसायची खूण करू लागले.

"कोन हाय?" म्हातारीने विचारलं.

"हे स्टेशनातले बाबू, मावशी. माझे मित्र."

"मग उभा का ऱ्हायला? बस. केवढा वाळलाय रे तू! बायको जेवाय देत न्हाय का?" आणि माझ्यापुढेही ताट आलं. मी रत्नागिरीकडचा, बोंबलाच्या कालवणासमोर फौजदारी किती वेळ टिकणार? बसलो.

"तू तरी सांग याला," म्हातारी मला म्हणाली. "आताशा जेवन तुटलंय याचं. पानी पीत बसतो. फरसू माझा एवढं एका बैठकीत संपवायचा आन् वर भाकरी मागायचा."

"फरसू कोण?" मी विचारलं. मास्तरांचा पाय माझ्या पायावर पडला. पावणेतीन मणातला बराचसा भाग त्यात होता.

"पोर माझा," म्हातारी म्हणाली. "तापात गेला." आणि तिने मास्तरांच्या ताटात आणखी एक डाव भात घातला.

परत जाताना मास्तर मला तांग्यापर्यंत सोडायला आले. मी रागाने धुमसत होतो. ते आपणहूनच बोलू लागले. फरसू त्यांचा विद्यार्थी. वाडीत राबणारा, बैलासारखा दणकट पोरगा. मागल्या पावसाळ्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेला. नंतर म्हातारीने अन्नच सोडलं. शेजारणी ताट आणून ठेवत, ते तसंच परत जाई. एका संध्याकाळी मास्तर जाऊन बसले आणि म्हणाले, मावशी, मला भूक लागलीय. ती उठली. चूल पेटवली. हात सवयीने चालला आणि फरसूच्या मापाचा स्वयंपाक झाला. मास्तरांनी तो सगळा खाल्ला. ते उठल्यावर तिने पहिल्यांदा दोन घास खाल्ले.

"तेव्हापासून असंच," मास्तर म्हणाले. "मी ताट साफ केलं की ती जेवते. टाकलं की झाकण ठेवून निजते."

"अहो, मग तिला सांगा ना कमी शिजवायला!"

"काय सांगू? तुझा हात ज्याच्यासाठी चालतो तो आता नाही, असं?"

"तुमचं ऑपरेशन आहे हे सांगा!"

"म्हणजे तुझ्या जेवणाने मी मरतोय, असं सांगू?" मास्तर थांबले. पट्टा सारखा केला. "आणि बाबू, खरं सांगायचं तर मलाही तिथं बरं वाटतं."

"भात?"

"नाही हो. ओटीवर पाऊल टाकलं की ती म्हणते, आज उशीर केलास. मला हे दुसरं कोणी म्हणत नाही."

माझा संताप दुप्पट झाला. दुष्ट माणसावर चिडता येतं, मोकळं होता येतं. या माणसावर चिडायचं तर कुठून सुरुवात करायची? बरं, बुद्धिमान मी होतोच. लगेच तोड काढली. मीही संध्याकाळी जायचं आणि मास्तरांचं निम्मं ताट मी खायचं. हिशेब चोख! फक्त म्हातारीला तो कळला नाही. दुसरा माणूस जेवायला आला म्हणून तिने स्वयंपाक वाढवला. महिनाभराने आम्ही दोघे काट्यावर चढलो. मास्तर होते तिथेच होते. माझी मात्र विजार कमरेला बसेना. धर्मा म्हणाला, "बाबू, आता तुमचं बी बारदान वजा करू का?"

आणि मग ती संध्याकाळ आली. जेवण झालं, मास्तर उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. एका हाताने त्यांनी ओटीचा खांब धरला, दुसरा पोटाशी गेला. चेहरा चुन्यासारखा पांढरा. कपाळावर घाम. हळूहळू ते खाली बसले. थोड्या वेळाने कळ ओसरली, पण माझा तोल गेला होता.

"पुरे झालं!" मी ओरडलो. "सर्जन काय म्हणाला होता? वजन उतरवल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही! आतडं अडकलं तर मुंबईच्या वाटेतच खलास! आणि तुम्ही इथं रोज दोन माणसांचं जेवताय! मरायचंय का तुम्हाला?"

"बाबू, गप्प बसा!" मास्तर एवढंच म्हणाले, आणि माझ्याकडे नाही, दाराकडे बघत.

दारात म्हातारी उभी होती, हातात पाण्याचा तांब्या घेऊन.

"कसलं आपरेशन?" तिने विचारलं.

तिने तांब्या मास्तरांपुढे ठेवला, ताटं उचलली आणि आत गेली. तांग्यात चढताना मी म्हटलं, "उद्या जेवायला बोलावणार नाही ती." ते म्हणाले, "बोलावेल. पण मग स्वतः जेवेल का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे चोरासारखे ओटीवर चढलो. उशीर केलास, असं ती म्हणाली नाही. तीन ताटं मांडलेली होती. इतक्या दिवसांत ती आमच्याबरोबर कधी बसली नव्हती. ताटात भात होता. बेताचा, चारचौघं जेवतात तेवढा. एक भाकरी. वाटीत कालवण.

आरोग्यशास्त्राचे मास्तर त्या ताटाकडे बघतच राहिले. वर्षभर ज्याच्यासाठी त्यांनी दोरीवर उड्या मारल्या, समुद्रापर्यंत पायपीट केली, ते त्यांच्यापुढे वाढून आलं होतं. त्यांनी घाईघाईने, हावरटासारखे चार घास घेतले, ताट रिकामं केलं आणि पुढे सरकवलं.

"मावशी, वाढ अजून."

"न्हाय."

"अगं, भूक राहिली माझी."

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "आज एवढाच केलाय. उद्या बी एवढाच."

"मावशी..."

"मुंबईला जायचंय ना तुला? मग जा. बरा होऊन ये." तिचा आवाज जराही हलला नाही. "एक गेला तेवढा पुरे."

मास्तरांनी पुढे सरकवलेलं ताट मागे ओढून घेतलं. वाडीत कोणीतरी बैलांना हाकत होतं.

म्हातारीने मग आपला भात कालवला आणि खाली मान घालून जेवायला लागली. सावकाश जेवत होती, मधेच थांबत होती. मास्तरांचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं, हात वाळला होता. पण तिचा शेवटचा घास होईपर्यंत ते पाटावरून उठले नाहीत.