जो सुरू करेल त्याची

"जो कुणी ही गाडी सुरू करून दाखवेल, त्यानं ती खुशाल घेऊन जावी. मी हूं की चूं करणार नाही," असं चष्मेवाल्यानं बायकोला ठणकावून सांगितलं, आणि त्याला स्वतःचंच फार कौतुक वाटलं. शब्द दिल्यासारखाही झाला आणि गाडी कुठं जाणारही नव्हती.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून सगळे त्याला चष्मेवालेच म्हणत. गाडी मात्र दुकानदाराला शोभणारी नव्हती. चिखलातून, डोंगरउतारावरून पळवायची ती उंच, हडकुळी मोटरसायकल, पायानंच सुरू करायची. गेली सहा वर्षं रोज सकाळी तो चोक ओढायचा, रेस चारदा पिळायचा आणि सगळं अंग झोकून किकवर उडी मारायचा. गाडी ढिम्म. कधी ती उलटी लाथ हाणायची आणि हा भिंतीला टेकायचा. पंधरवड्यातून एखादे दिवशी तिला दया यायची आणि ती सुरू व्हायची, तेवढ्यावर तो पुढचे पंधरा दिवस खूश असायचा.

मग गुडघा गेला. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरून विचारलं, "तुम्ही नेमकं करता काय?"

"चष्मे," तो म्हणाला.

"किक," बायको म्हणाली.

घरी येताच तिनं गाडी विकायची जाहिरात दिली आणि चष्मेवाल्यानं आपली अट पुढं केली. या गाडीला तो स्वतःपेक्षा जास्त ओळखत होता. परक्याचा पाय लागला की ती मेल्याचं सोंग घेणार, यात त्याला तिळमात्र शंका नव्हती.

पहिले गिऱ्हाईक व्यायामशाळेचे मास्तर. दंड असे, की सदऱ्याच्या बाह्या रडकुंडीला आल्या होत्या. त्यांनी दात-ओठ खाऊन किक मारली, गाडीनं ती व्याजासकट परत केली, आणि मास्तर एका पायावर लंगडत फाटकाबाहेर गेले. दुसरा एक स्कूटर दुरुस्त करणारा. त्यानं घाम पुसत तासभर झटापट केली आणि घरी नळ उघडा राहिल्याचं त्याला एकदम आठवलं. चष्मेवाला दोघांनाही हळहळत निरोप देऊन आला आणि स्वयंपाकघरात जाऊन हळूच हसला.

तिसरी आली ती जनावरांची डॉक्टर. काडीसारखी बाई, खांद्याला औषधांची पिशवी. हिच्यानं किक खालीसुद्धा जायची नाही, असं बघून चष्मेवाल्यानं तिला आपण होऊन चहा विचारला.

"चहा नको. वरच्या वस्त्यांवर जीप जात नाही हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "परवा एका गाईपाशी चालत पोचले, तोवर ती गेली होती. मला ही गाडी हवीच आहे. पण असली मी कधी चालवलेली नाही. तुम्ही सांगाल तस्संच करते."

आतापर्यंतच्यांनी आपापल्या अकलेनं किक मारली होती. ही विचारत होती. आणि बायको दारात पदरानं हात पुसत उभी होती, म्हणजे गप्प बसायचीही सोय नव्हती.

आपली रोजची पद्धत सांगावी, तर पंधरवड्यातला तो एक दिवस नेमका आजच उगवायचा. मग चष्मेवाल्याला नामी युक्ती सुचली. आपण सहा वर्षं जे जे केलं, त्याच्या बरोब्बर उलटं सांगायचं.

"रेसला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"बरं."

"उडी नाही मारायची. पायानं सावकाश दाबत जायचं, कडक लागेपर्यंत."

डॉक्टरबाईंनी दाबलं. "लागली."

आता पुढं काय? हँडलच्या डाव्या बाजूला एक चिमुकली दांडी होती. ती कशासाठी असते याचा त्याला पत्ता नव्हता आणि आजवर त्यानं तिला बोटही लावलं नव्हतं. तेव्हा हीच बरी.

"ती छोटी दांडी दाबा. दाबून ठेवून किक जराशी पुढं ढकला. आता दांडी सोडा, किक वर येऊ द्या." बाई इतकं मन लावून ऐकत होत्या, की त्याला स्वतःची लाज वाटली. "आणि आता एकदाच. झटका द्यायचा नाही. सरळ, तळापर्यंत."

डॉक्टरबाईंनी पाय सरळ तळापर्यंत नेला.

गाडी सुरू झाली. खोकली नाही, कुरकुरली नाही, एखाद्या शहाण्या मुलीसारखी धडधडत उभी राहिली.

"योगायोग असेल," चष्मेवाला कसाबसा म्हणाला. "बंद करून परत बघा."

बाईंनी बंद केली. परत बघितलं. परत सुरू झाली. बायको आतून कागदपत्रं घेऊन आली, आणि हूं की चूं करायला जागा उरली नाही.

डॉक्टरबाई निघाल्या. कोपऱ्यापर्यंत नीट गेल्या आणि वळणावर गाडी बंद पडली. चष्मेवाला टाचा उंचावून बघू लागला. बाईंनी दोनदा पाय मारला, मग मागं वळून हाक दिली, "रेस द्यायची की नाही म्हणालात?"

एक शब्द पुरे होता. 'द्या' एवढं म्हटलं असतं, की संध्याकाळपर्यंत बाई गाडी ढकलत परत आल्या असत्या. तो शब्द त्याच्या जिभेवर येऊन बसला होता. शेजारी बायको उभी होती. कोपऱ्यावर बाई पिशवी सावरत वाट बघत होत्या, आणि त्याला ती चालत पोचूनही न वाचलेली गाय आठवली.

"नाही," तो ओरडला. त्याचा आवाज फाटला. "हातसुद्धा लावू नका. आधी कडक लागू द्या."

एका किकमध्ये गाडी सुरू झाली आणि दिसेनाशी झाली. तिचा आवाज बराच वेळ येत राहिला. इतकी सुरेख चाललेली त्यानं ती कधी ऐकलीच नव्हती. त्याला रडू येईलसं वाटलं.

बायको अजून रस्त्याकडंच बघत होती.

"एवढी अलगद सुरू करता येत होती तुम्हाला," ती हळूच म्हणाली, "मग सहा वर्षांत मला एकदाही मागं बसवून का नाही हो नेलंत?"

खरं उत्तर द्यावं तर सहा वर्षं मूर्ख ठरत होता. न द्यावं तर त्याहून वाईट काहीतरी. चष्मेवाल्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

"हेल्मेट एकच होतं," तो म्हणाला.