नेरोची जिद्द

कुत्रा पाळावा तर नर, हे माझं पक्कं मत. नर कसा उमदा, धाडसी. एकदा ठरवलं की मागे हटत नाही. मादी आपली शंभरदा हुंगणार, थांबणार, वळून बघणार. (हे मत मी गावच्या खानावळीत वीस वर्षं ऐकवतोय. कुणी खोडून काढलेलं नाही. ऐकतंय कोण, हा प्रश्न वेगळा.)

म्हणून त्या रविवारी ट्रफल शोधायला मी आमच्या लीझा कुत्रीला घरी ठेवून नेरोलाच घेतलं. आमच्या लेकीचे, तेआचे, होणारे सासूसासरे प्रथमच जेवायला येणार होते आणि ताज्या ट्रफलची फुझी, म्हणजे आमच्याकडचा घरगुती पास्ता, खिलवतो, असं मी छातीठोक सांगून बसलो होतो. जमिनीखालची ही अळंबी कुत्र्याच्या नाकाशिवाय सापडत नाही.

"बेर्तो, लीझाला ने," बायको म्हणाली. "नेरोचं लक्ष नसतं."

"नेवेंका, हे पुरुषांचं काम आहे."

"बाबा, आज तरी शोभा करू नकोस!" तेआ कळवळून म्हणाली.

रानात शिरताच नेरोने नाक वर केलं. (ट्रफल जमिनीत असतं, हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं.) आणि जो सुटला! ओढा झाला, द्राक्षमळा झाला, कुणाचा तरी कोबीचा वाफा झाला. 'याला म्हणतात जिद्द,' असं मी धापा टाकत स्वतःला बजावत होतो. शेवटी तो एका कुंपणाखालून आत घुसला. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, त्यामुळे मीही घुसलो.

अंगणात ठेवणीतल्या कपड्यांत विहीणबाई आल्बीना उभ्या! शेजारी त्यांची कुत्री, माजावर आली म्हणून बांधून ठेवलेली. मी तोंड उघडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. अर्धा तास ती दोघं सुटेनात, म्हणून मीही सुटेना.

"आम्ही निघतच होतो. न्यायला कशाला आलात?" आल्बीनाबाईंनी विचारलं.

"म्हटलं, सोबत होईल," मी केसांतला कोबी काढत म्हणालो.

"तुमच्या कुत्र्याला लग्नाची भारीच घाई!"

त्यांनी मला गाडीत मागे, वर्तमानपत्र अंथरून, नेरोशेजारी बसवलं. माझ्यापायी लेकीचं लग्न मोडणार, असं मी वाटभर नेरोला बजावत होतो.

घरी फुझीवर ट्रफलचा ढीग! माझी पाठ वळताच नेवेंका लीझाला घेऊन गेली होती आणि तासाभरात दोन मोठी ट्रफलं घेऊन परतली होती.

आल्बीनाबाई पोटभर जेवल्या. मग काटा खाली ठेवून गंभीरपणे म्हणाल्या, "लग्नाला आमची हरकत नाही. फक्त एकच सांगा, तेआ कुणावर गेलीय?"

"आईवर!" तेआ आणि नेवेंका एका सुरात म्हणाल्या.

विहीणबाईंनी माझ्याकडे बघितलं.

"अगदी आईवर," मी छातीवर हात ठेवून सांगितलं. "माझा काही संबंध नाही."

तेव्हा कुठे तारीख ठरली.