रुपया सावरणारे भास्करकाका

लग्नात लोक नवरीला आशीर्वाद देतात. आमचे शेजारी भास्करकाका आधी तिच्या गळ्याकडे बघतात आणि कपाळाला हात लावतात. "एवढा सोना? सगळा भायेरच्या देशातून येतो. रुपया उभा कसा राहील?" मग अक्षता टाकता टाकता नवरीच्या आईला विचारतात, "गो, थोडा पितळेचा घातला असता तर काय बिघडला असता?"

अशीच एका नवरीची आई रडली. ती मुलगी सासरी चालली म्हणून रडली, असं काकांना अजून वाटतं.

शहापूरहून मुरबाडकडे जाताना रस्त्याला लागूनच आमचं गाव आहे. काकांची इथे भातशेती. कसाऱ्याचा घाट चढून पलीकडे ते फारसे कधी गेलेले नाहीत, पण बोलतात दिरहममध्ये. दिरहम म्हणजे दुबईचं चलन; एका दिरहमला किती रुपये पडतात, तो त्याचा रेट. काकांच्या लेखी ते कॅलेंडरही आहे. "ही विहीर खणली तवा दिरहम साडेनवाला होता." "शाळेवर पत्रे आले, तवा बाराला." माझा जन्म तेराचा.

हे सगळं त्यांना मीच पुरवलं. मी इंग्रजी शाळेत शिकले आणि कमी बोलते, म्हणून गावात मला शिष्ट समजतात. काकांना मात्र मध्येमध्ये न बोलणारं माणूस हवंच होतं. कुंपणाशी येऊन ते म्हणायचे, "तुझा इंग्रजी हाय. मोबाइलातून जुने रेट काढ." मी काढून वाचायचे आणि ते पाढ्यांसारखे पाठ करायचे.

त्यांचा मुलगा नितीनदादा दुबईला एसी बसवायचं काम करतो. ज्यांचं कुणी तिकडे असतं ते लोक दिरहम चढला की खूश होतात. काकांचं उलटं. दिरहम चढला की त्यांना जेवण जात नाही. चार पैशांनी उतरला की चहाच्या टपरीवर ते सगळ्यांना गूळ-शेंगदाणे वाटतात.

"काका," टपरीवाला एकदा न राहवून म्हणाला, "पोर तुमचा तिकडं कमावतो. दिरहम चढला तर तुमच्याच घरात पैसे जास्ती येतात. तुमी रडता कशाला?"

"तुला नाय कळायचा. चा घाल."

खरं कारण मला काकीने सांगितलं. सुपात तांदूळ पाखडत होती. "नितीन मागं आलता, तवा ह्यांनी विचारला, कायमचा कवा येशील? तो निघायच्या घाईत. हसत बोलला, दिरहम वीसच्या खाली आला का येतो, मंग तिकडं राहून फायदा नाय. हे तोच धरून बसलेत. पोर गेला दुबईला, आन् डोका गेला ह्यांचा."

दिरहम तेव्हा बावीसच्या आसपास होता. तो आपणहून खाली येईना, म्हणून काकांनी रुपया वर काढायचं काम अंगावर घेतलं. एकट्याने.

पेट्रोल बाहेरून येतं, म्हणून मोटरसायकल गोठ्यात गेली. तिच्या सीटवर आता कोंबडी अंडी घालते. शहापूरच्या बाजाराला काका सायकलने जातात. दुकानातलं तेलही बाहेरून येतं हे कळल्यावर त्यांनी माळावर खुरासणी पेरली आणि घरात तिचंच तेल सुरू केलं. काकीच्या भज्यांचा वास आमच्या घरापर्यंत येतो. गणपतीत त्यांनी मंडळाच्या पोरांना चिनी दिव्यांची माळ काढायला लावली. बाप्पा दोन समयांच्या उजेडात बसला आणि आरतीला एकजण तबकावरच पडला.

संध्याकाळी काका कुंपणाशी यायचे. "काय गो, आपल्या गावाचा परिणाम दिसला का?"

"अजून नाही, काका."

"लागतो टाइम. देश मोठा हाय."

मग तेच मला धीर द्यायचे. "मागं पावणेअकराला उतरलाच होता ना? तूच वाचलास. म्हंजे उतरतो. तानसाचा पाणी बघ. कितीपण चढू दे, उतरतोच."

गेल्या रविवारी दुपारी मी त्यांच्या ओटीवर बसून रेट वाचला. दिरहमने चोवीस ओलांडले होते. काका सायकलची चेन पुसत राहिले. तेवढ्यात नितीनदादाचा व्हिडिओ कॉल आला.

"आबा, रेट मस्त लागलाय! कंपनी अजून दोन वर्षं थांब बोलते. थांबतो मी."

"कुठला मस्त?" काका म्हणाले. "उतरलाय. वीसच्या खाली."

"आबा, माझ्या मोबाइलवर दिसतो ना."

"तुझा मोबाइल तिकडचा. इकडचा रेट आमाला म्हाईत."

काकीने तोंडाला पदर लावला. हसायला की कशाला, ते मला दिसलं नाही.

"नाय पटत तर हिला विचार. हिचा इंग्रजी हाय." आणि फोन माझ्या तोंडासमोर आला.

मला कॅमेऱ्यात बघायला आवडत नाही. पण बघितलं. नितीनदादा वाळला होता. त्याच्या मागे लोखंडी पलंगावर पलंग होता आणि वरच्या दांडीला ओला टॉवेल.

"हो दादा," मी म्हणाले. "उतरलाय. आजच."

तो माझ्याकडे बघत राहिला. "किती?"

"एकोणीस."

त्याने टॉवेल ओढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाला, "बघतो मंग. सही नाय केली अजून."

फोन बंद झाला. काकी आत गेली. काका चेन पुसायला पुन्हा खाली बसले, फडकं हातात घेतलं, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"गो," अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "खरंच एकोणीस?"