अकरा महिन्यांच्या कुलुपाची बखर

वास्तुदेवता आणि नोंदणी कचेरी, उभयतांस दंडवत घालून लिहिणेस आरंभ केला असे. शके एकोणीसशे एकेचाळीस, विकारी नाम संवत्सर. ते समयी एके राज्यी त्र्यंबकराव केळशीकर म्हणोन संस्थानिक होते. राज्याचा विस्तार तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या. चाकरीतून निवृत्त जाहले, राणीसाहेब कैलासवासी जाहल्या, युवराज परमुलखी मोहिमेस गेले ते तिकडेच छावणी करून राहिले. मग रावसाहेबांचे मनी आले की, फंडाची रक्कम निजून आहे, तीस उठवावे आणि भाड्याने देणेस एक घर घ्यावे. सबब गिरमे एजंट यास मसलतीस पाचारण केले. गिरमे बोलिला, "काका, घर आपल्याला राहायला नकोय. खिडकीतून डोंगर दिसतो का ते नका बघू, पाणी किती वेळ येतं आणि बस कुठं थांबते ते बघा. वर्षातला एक महिना घर रिकामं पडणार, हे धरूनच चाला. पोलिसांत भाडेकरूची नोंद करा, करार रजिस्टर करा. आणि घर नजरेच्या टप्प्यात घ्या." रावसाहेबांनी मसलत इतकी शिरी धरिली की, समोरच्या दाराचेच घर खरेदी केले आणि दाराच्या भोकातून रोज टेहळणी करू लागले.

त्या घरी मार्तंडराव शेवडे, निवृत्त पोस्टमास्तर, सहकुटुंब अकरा महिन्यांच्या कराराने राहावयास आले. कुटुंब अंबूताई, गुडघ्यांनी अधू, परंतु जिभेने तल्लख. पहिल्याच आठवड्यात टेहळणी पाहोन त्या दाराबाहेरून बोलिल्या, "भाऊ, भोकातून काय बघताय? इकडं या, चहा टाकलाय." रावसाहेब गेले, आणि दुसरे दिवशी गेले, आणि मग रोज चार वाजता स्वारी जाऊ लागली. मार्तंडरावांसवे बुद्धिबळाचा डाव पडे, आणि अंबूताई दोघांसही हरलेले म्हणत. कितीएक वर्षांत रावसाहेबांस कोणी "काल का नाही आलात?" म्हणोन पुसिले नव्हते. ते येथे पुसिले.

ऐसे दहा महिने सुखाचे गेले. अकरावा लागला आणि गिरमे धावत आला. "काका, एक दिवस घर पूर्ण रिकामं करून घ्या. आपलं कुलूप लावा, दुसऱ्या दिवशी परत द्या. म्हातारी माणसं आहेत, मुळं धरली तर हलायची नाहीत." रावसाहेब बोलिले, "अरे, सामान माझ्याकडं ठेवू की एक दिवस." "समोर ठेवलं तर रिकामं कसलं? सोसायटीच्या बाहेर गेलं पाहिजे." रावसाहेबांस भय वाटले. आयुष्यभराच्या फंडातून घेतलेले घर, ते गेले तर काय? आणि त्यांनी मान खाली घालोन ते वर्तमान शेवड्यांस सांगितले. मार्तंडराव हसोन बोलिले, "नियम तो नियम. आम्हीही खिडकी पाचला बंदच करायचो." अंबूताई भिंतीचा आधार घेत दोन दिवस डबे बांधीत राहिल्या. टेम्पो आला, सामान शेवड्यांच्या भाच्याच्या रिकाम्या घरी गेले, रावसाहेबांनी कुलूप लाविले आणि ओढून पाहिले.

दुसरे दिवशी कुलूप काढोन, फरशी पुसोन वाट पाहात बसले. कोणी आले नाही. फोन केला तो मार्तंडराव बोलिले, "हिनं भांडी लावली हो इथंच. म्हणते, दर अकरा महिन्यांनी नवे गुडघे कुठून आणू?" "रागावलात का?" "छे, राग कसला! घर तुमचंच आहे."

मग रावसाहेब वकिलाकडे गेले. वकील बोलिला, "करार रजिस्टर होता ना? मग मुदत संपली की नवा करायचा. कुलपाचं खूळ कुणी काढलं?" हे ऐकोन रावसाहेब तडक घरी आले. आणि मग पाच वर्षांचा मसुदा स्वहस्ते लिहिला, त्यात सातवे कलम घातले की, मालकाने कोणत्याही सबबीवर घर रिकामे करावयास सांगू नये, आणि तो घेवोन भाच्याच्या घरी गेले. उभयतांनी आदराने बसविले, बाकरवडी ठेविली, पंखा मोठा केला. मार्तंडरावांनी चष्मा लावोन कलमन् कलम वाचिले, सातवे दोन वेळा वाचिले, आणि कागदाची घडी करून रावसाहेबांचे हाती परत दिली.

"मसुदा उत्तम आहे," ते बोलिले. "पुढच्या भाडेकरूला उपयोगी पडेल."

ऐसे वर्तमान जाहले. रावसाहेबांचे घर कोणी बळकाविले नाही. आजतागायत कोणी बळकाविले नाही. नवख्या मालकांनी पाणी पाहावे, बसथांबा पाहावा, करार नोंदवावा. इतकेच करावे.