तातडीचा रकाना

निवृत्त माणसाने काय करू नये याची यादी आमच्या ऑफिसात कुणी केली नव्हती. केली असती तर 'जुनी आलिशान मोटार घेऊ नये' हे कलम तिच्यात पहिलं असतं, आणि ते मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं असतं.

मोठ्या साहेबांच्या गाडीच्या दुरुस्तीची बिलं मी चौतीस वर्षं तपासली. गाडी लांबलचक, काळी, आवाज नसलेली. तिच्या पोटातल्या एकेक भागाचं नाव मला बिलावरून तोंडपाठ होतं. तिच्यात बसण्याचा योग मात्र कधी आला नाही. (एकदा दार उघडून धरलं होतं. पावसात.) म्हणून तशीच गाडी, अकरा वर्षं वापरलेली, नव्या छोट्या गाडीच्या किमतीत मिळतेय असं वाचलं, तेव्हा मी 'नुसती बघून येतो' म्हणून बाहेर पडलो आणि ती चालवत घरी आलो. ती बिलं मी मंजूर करत होतो, भरत नव्हतो, एवढा बारीक फरक त्या घाईत लक्षात आला नाही.

बायको गॅलरीत उभी होती.

"कुणाची?"

"आपली."

"पाहुणी आली असेल तर असू दे," ती म्हणाली. "राहायला आली असेल तर खायला काय लागतं ते आधी विचारून घ्या."

हिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ही घरी मुलींचे फ्रॉक शिवते, आणि गेलं वर्षभर सुईत दोरा ओवायला शेजारणीला हाक मारावी लागत होती. ती हाक मारताना हिचा आवाज खाली येई. ऑपरेशनची तारीख मिळायला चार महिने लागले होते. सकाळी नऊच्या आत हजर. चुकलं तर पुन्हा रांगेत, पुन्हा चार महिने. मी जाहीर केलं, की त्या दिवशी तुला याच गाडीतून नेणार.

"बस आहे की दारात."

"ऑपरेशनला कुणी बसने जातं का?"

"डॉक्टर डोळा बघतात. तिकीट नाही बघत."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो, तर गाडी पुढच्या डाव्या बाजूने जमिनीवर टेकली होती. रुसलेल्या माणसाने एकच गुडघा टेकावा तशी. मी गॅरेजवाल्याला बोलावलं. त्याला आमच्याकडे सगळे वैद्य म्हणतात, कारण तो बॉनेटवर हात ठेवतो, डोळे मिटतो आणि मान हलवतो. त्याने मान बराच वेळ हलवली.

"काका, हिला स्प्रिंग नसतात. हवेच्या पिशव्या असतात. एक फुटली."

"केवढ्याला?"

त्याने आकडा सांगितला. माझी दोन महिन्यांची पेन्शन.

"अशा किती असतात?"

"चाकं किती आहेत, काका?"

त्याने पूर्ण तपासणी करून अंदाजपत्रक दिलं. कागद बघून मी खूश झालो, कारण त्याला तीन रकाने होते: 'तातडीचे', 'लवकर' आणि 'सवडीने'. तातडीच्या रकान्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा पंप आणि त्याची तडकलेली प्लॅस्टिकची नळी. दुसऱ्यात गिअरबॉक्सचं तेल, कुठून तरी गळणारं इंजिनचं तेल, उरलेल्या पिशव्या. सवडीच्या रकान्यात छताच्या काचेची मोटर, मागच्या काचेचा पडदा, सीटची उसवलेली शिवण आणि दारातले चिमुकले दिवे.

आता इथे आमच्या ऑफिसची पद्धत सांगितली पाहिजे. 'तातडीचे' असा शिक्का असलेली फाइल आमच्याकडे गठ्ठ्याच्या तळाशी जात असे. यात आळस नव्हता, अनुभव होता. तातडीचं प्रकरण तीन महिने दाबून ठेवलं की आपोआप मिटतं. अर्जदार कंटाळतो, नाहीतर साहेब बदलतात. जपायचं ते शिक्का नसलेल्या फाइलींना, कारण त्या हमखास कुणाच्या तरी भाच्याच्या असतात. या पद्धतीने मी चौतीस वर्षं निष्कलंक काढली. मी अंदाजपत्रकावर सही केली: तिसरा रकाना पूर्ण मंजूर, फुटलेली पिशवी मंजूर.

"आणि पंप?" वैद्याने विचारलं.

"विचाराधीन."

"इंजिन विचार करत नाही हो काका. ते तापतं."

"तीन महिन्यांनी स्मरणपत्र द्या."

 मग त्याने आपला नंबर लिहिलेला कागद माझ्या खिशात स्वतःच्या हाताने घातला.

पंधरा दिवस गाडी झकास चालली. दिवे लागत होते, पडदा वर-खाली होत होता. समोर एक तांबडा दिवाही लागत होता, पाण्यात बुडालेल्या थर्मामीटरसारख्या चित्राचा. त्याच्यावर मी चिकटपट्टी लावली, तिच्यावर 'पाहिले' असं लिहिलं आणि खाली तारीख घातली.

ऑपरेशनच्या दिवशी आठ वाजता निघालो. हिला आग्रहाने मागच्या सीटवर बसवलं. वाटेतल्या उड्डाणपुलाच्या चढावर ही मागून म्हणाली,

"अहो, समोर सगळं पांढरं दिसतंय."

"तुझ्या डोळ्यामुळे."

"डावा डोळा चांगला आहे माझा. त्यालाही दिसतंय."

थोड्या वेळाने मलाही दिसलं. बॉनेटच्या फटींतून वाफ येत होती, मोठ्या कुटुंबाचा चहा उकळावा तशी. गाडीने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि ती पुलाच्या बरोबर मध्यावर थांबली. आठ वाजून वीस मिनिटं. पुलावर बस थांबत नाही, टॅक्सी थांबत नाही, आणि हिच्या डोळ्यांनी वाहनांच्या गर्दीतून पायी उतरणं शक्य नव्हतं.

मी बोलणी खायला तयार होतो. हिने पर्समधून हॉस्पिटलचा कागद काढला, डोळ्याजवळ धरला, पुन्हा घडी करून ठेवला. "चार महिने," एवढंच म्हणाली, तेही मला नाही. मला त्या क्षणी आमच्या गठ्ठ्याच्या तळाशी असलेले सगळे अर्जदार आठवले. एकेक जण, नावानिशी.

खिशातल्या नंबरावर फोन लावला. वैद्य पंधरा मिनिटांत गाड्या वाहून नेणारा ट्रक घेऊन हजर झाला.

"इतक्या लवकर?" मी विचारलं.

"पंधरा दिवस डिझेल भरूनच ठेवलं होतं," तो म्हणाला. साखळ्या लावून त्याने गाडी ट्रकच्या पाठीवर ओढून घेतली. "काकू, पुढे माझ्या शेजारी बसा. नऊच्या आत पोचवतो."

"आणि मी?"

"पुढे दोनच सीट आहेत. तुम्ही गाडीत बसा. मागे. आणि वाकून बसा, दिसू नका. नियमात बसत नाही हे."

अशा रीतीने त्या गाडीच्या मागच्या सीटवर बसण्याचा योग आला, जमिनीपासून पाच फूट उंचीवर. मी वाकून पाहिलं, पण कंबरेने नकार दिला. मग लाजेने डोळे मिटून, मान मागे टाकून स्वस्थ पडून राहिलो. एका सिग्नलला डोळे किलकिले केले, तर खाली आमच्या ऑफिसचा शिपाई स्कूटर थांबवून माझ्याकडे बघत होता. त्याने हळूच हात जोडले. मोठे साहेब गाडीतून कधी उलट नमस्कार करत नसत, म्हणून मीही हललो नाही.

आठ छप्पन्नला हॉस्पिटल आलं. मी खाली उतरेपर्यंत ही आत जाऊन नाव नोंदवून मोकळी झाली होती.

मी बाहेरच्या बाकावर बसलो. अर्ध्या तासाने नर्स आली. "झालं. छान झालं," म्हणाली. मी तिला तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "लिहून देऊ का?" मी हो म्हणालो.

दुपारी वैद्याचा फोन आला. पाण्याविना चाललेलं इंजिन बाद झालं होतं. दुरुस्तीचा खर्च एक वर्षाची पेन्शन. "पण काका, अशी गाडी अख्खी कुणी घेत नाही, सुटी केली की रांग लागते. मी घेतो." त्याने सांगितलेली रक्कम मी दिलेल्या किमतीच्या निम्म्याहून थोडी जास्त होती. तरी मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटलं. चोरीला गेलेल्या छत्रीचा निदान दांडा परत मिळाल्यासारखं. मी ताबडतोब मंजुरी दिली. हिने ऐकलं आणि ती खुदकन हसली. त्या हसण्यावर मी दुपारभर गाढ झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंघोळीला गेलो असताना बेल वाजली. दारात माझ्या जुन्या विभागातले तिघे कारकून उभे होते. दार उघडलं हिने. डोळ्यांवर काळा चष्मा, गालावर औषधाचा थेंब ओघळलेला.

"वहिनी, धीर धरा," एक जण म्हणाला.

"धरलाय," ही म्हणाली. "दहा मिनिटांत आटपलं."

"त्रास नाही ना झाला?"

"मुळीच नाही. मला तर वाटतं, आधीच व्हायला हवं होतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तेव्हा त्यांच्यातला सर्वांत ज्येष्ठ दाराच्या चौकटीला धरून उभा होता.

खुलासा व्हायला चहाचे दोन कप लागले. शिपायाने ऑफिसात जाऊन सांगितलं होतं, की आपल्या निवृत्त साहेबांच्या गाडीला अपघात झाला, गाडी ट्रकवर होती, ते मागे पडून होते, आणि नमस्कार केला तरी हलले नाहीत. तिघे हसले, मला बरं वाटलं. मग हसू ओसरलं आणि ते अस्वस्थ झाले.

"तुमच्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलोय हो," ज्येष्ठ म्हणाला. "कारण लिहिलंय सहकाऱ्याचं निधन. आता काय लिहायचं?"

मसुदा लिहिण्यात मी पहिल्यापासून वाकबगार. मी लगेच कागद घेतला आणि लिहून दिलं: 'निधन अपेक्षित होते. तथापि, संबंधित इसम समक्ष जिवंत आढळल्याने कारणात बदल करावा, ही विनंती.' खाली पुरावा म्हणून सही केली.

आठ दिवसांनी अर्ज परत आला. नव्या मोठ्या साहेबांनी समासात शेरा मारला होता: 'कारण सबळ नाही. रजा नामंजूर.'