पोट सुटलेल्या भिंतीचा तपास

माझी नजर पडली की कुलूप आपणहून किल्ली मागतं. गुन्हा गुन्हेगाराच्या मनात असतो तेव्हाच मला त्याचा वास लागतो. इतकी हुशारी एकाच डोक्यात साठणं बरं नव्हे, हे मलाही कळतं. पण उरलेल्या डोक्यांची अवस्था पाहता ती ठेवायची तरी कुठे? माझे नातेवाईकच घ्या.

त्यांच्यापैकी आत्याचा फोन आला. तळघराची भिंत आत फुगली होती. तिला आडवा तडा गेला होता, पोपडे गळत होते, कोपऱ्यात हात लावावा तर ओल. गवंड्याने सांगून टाकलं होतं, की पाणी कुठून येतं ते आधी शोधा, मग तडे भरून लोखंडी खांबांचा आधार देतो. नाहीतर भिंत पुन्हा पोट काढेल. पण दादाला, म्हणजे आत्याच्या मुलाला, शोधायचंच नव्हतं. घर विकून फ्लॅटमध्ये जायचं त्याने ठरवलं होतं. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं.

“लग्न होऊन आले ती या घरात,” आत्या म्हणाली. “आता मला लिफ्टने वर नेऊन अडगळीसारखं ठेवतील. तू काहीतरी कर. दुसरं कोणी फुकट येत नाही.”

मी तळघरात उतरलो, भिंग लावलं आणि उलगडा झाला. तडा शेजाऱ्याच्या बाजूला होता आणि शेजारी होता दातांचा डॉक्टर. जन्मभर लोकांच्या दातांना भोकं पाडणारा माणूस निवृत्त झाल्यावर स्वस्थ बसेल? भुयार खणत असणार. मी हे त्याच्या तोंडावर सांगितलं. त्याने मला तोंड उघडायला लावलं, आत डोकावला आणि दोन दाढा काढाव्या लागतील म्हणाला. धमकी यालाच म्हणतात.

मग संशय दादावर गेला. घर विकायची घाई त्याला, खांदेही रुंद. रोज आतून भिंत रेटत असणार. मी हे वहिनीला समजावलं.

“भाऊजी, भिंत आत आलीय,” ती म्हणाली. “आतून रेटली तर बाहेर जाईल ना?”

सामान्य माणसं अशा तपशिलात अडकून पडतात.

म्हणजे पुन्हा डॉक्टरच. शनिवारी सकाळी मी भिंतीबाहेरच्या गुलाबांमागे दबा धरला. हे गुलाब आत्याच्या दिवंगत यजमानांनी लावलेले, आळं थेट भिंतीला चिकटून. आधी आत्या आली. चोरासारखी इकडेतिकडे बघून तिने झारी माझ्या डोक्यावर रिकामी केली. ती गेली तसा दादा पाइप घेऊन आला. त्यानेही आधी मागे वळून पाहिलं. खरा गुप्तहेर भिजतो, उठत नाही. शेवटी वहिनी बादली घेऊन आली आणि मला शिंक आली.

ती दचकली नाही. या घरात मला कोणी दचकत नाही.

“तुम्ही आधीच कसे भिजलात?”

“दादाने भिजवलं. त्याआधी आत्याने. हळू बोला, डॉक्टर सावध होईल.”

वहिनी बादली धरून माझ्याकडे पाहत राहिली. मग चिखलाकडे, मग भिंतीकडे. मग तिने आत हाक मारली. “आई, गुलाबांना पाणी तुम्ही घालता?”

“मग कोण घालणार? तुला आठवण असते?”

“मी रोज घालते.”

“कधी बोलली नाहीस.”

“बोललं की उपकार दाखवल्यासारखं होतं.”

हा त्या घरचा रिवाज. आपण केलेलं कोणी सांगायचं नाही, आणि दुसरा काही करत नाही याची प्रत्येकाला खात्री. तिघं चोरून माया ओतत राहिले; माती पीत राहिली, फुगत राहिली आणि भिंतीवर रेलत राहिली.

तोवर आत्या बाहेर आली होती आणि तिच्यामागे दादा पाइप पाठीमागे लपवून उभा होता. घर विकायला निघालेला हा गृहस्थ.

“बाबांचे आहेत,” तो पुटपुटला. आत्याने त्याच्या हातातून पाइप काढून घेतला. दुपारी त्याने गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं.

पुढे बाहेरची माती उकरली, भिंतीला बाहेरून डांबर फासलं, आत खांब उभे राहिले, तडे बुजले. गुलाब अंगणाच्या पलीकडच्या टोकाला गेले. आत्या जागच्या जागी राहिली.

तिन्ही गुन्हेगार मोकाट आहेत. वर कोणी काय केलं हे आता रोज एकमेकांना सांगतात, मोठ्याने, भांडत. अशा घरात एकही रहस्य टिकायचं नाही. माझं हक्काचं गिऱ्हाईक गेलं.